किट कारमध्ये चार्जिंगचा दिवा जोडताना: होल्डर, बल्बचे वॅट आणि डी+ ची वायर

शेतबग्गी_सोलापूर

नमस्कार मंडळी. पाइपाच्या चॅसीवर दोन सीटची छोटी गाडी बांधायचं काम चाललंय. बॉडी फायबरची, इंजिन मारुती ८०० चं कार्ब्युरेटरवालं तीन सिलिंडरचं. गाडी शेतात आणि खाजगी जागेतच फिरणार आहे, त्यामुळे आरटीओ पासिंगचा विषय इथे नको. चॅसी पावडर कोटिंग होऊन आली आहे, आता वायरिंग सुरू करायचंय.

अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं जनित्र) जुन्या बाजारातला आहे. मागे बी+ चा, म्हणजे बॅटरीकडे जाणाऱ्या मुख्य वायरीचा, जाड बोल्ट आणि बाजूला दोन पिनांचा कपलर. डॅशवर मूळ मीटर नाही, सुटे मीटर आणि सुटे दिवे बसवणार आहे. विचारायचं ते असं:

चार्जिंगच्या दिव्याची दुसरी वायर अर्थला जाते की अल्टरनेटरला? दिवा एलईडी लावला तर चालेल का? आणि हा दिवा लावलाच नाही, नुसता व्होल्टमीटर ठेवला तर काही बिघडतं का?

जुना_वायरमन

पहिल्या प्रश्नावर बाकीचं सगळं उभं आहे, म्हणून तो आधी घेऊ. या दिव्याला अर्थ द्यायचा नाही. एक टोक चावीच्या लाइनवर, दुसरं टोक थेट अल्टरनेटरच्या डी+ किंवा एल पिनवर. ऑइल प्रेशरच्या दिव्यालाही डॅशवर अर्थ नसतो, त्याचं दुसरं टोक इंजिनवरच्या स्विचकडे जातं. फरक एवढाच की ऑइलचा स्विच फक्त अर्थ देतो किंवा सोडतो. अल्टरनेटर मात्र त्याच पिनवर आधी अर्थ देतो आणि चार्जिंग सुरू झालं की प्लस देतो.

डी+ वाल्या अल्टरनेटरमध्ये करंट कसा फिरतो ते बघा. चावी ऑन, इंजिन बंद: बॅटरी, चावी, फ्यूज, बल्ब, डी+, कार्बन ब्रश, रोटरची (आतल्या फिरत्या भागाची) वाइंडिंग, रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग), बॉडी. बल्ब पेटतो आणि त्याच करंटने रोटरमध्ये चुंबकत्व तयार होतं. सेल्फ मारून इंजिन फिरलं की स्टेटरमध्ये (बाहेरच्या स्थिर वाइंडिंगमध्ये) वीज तयार होते आणि आतले तीन छोटे डायोड ती डी+ वर आणतात. आता बल्बच्या या टोकालाही १४ व्होल्ट आणि त्या टोकालाही १४ व्होल्ट. मधे फरकच उरला नाही, म्हणून बल्ब विझतो.

यातच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं. या प्रकारच्या अल्टरनेटरमध्ये बल्ब हा चार्जिंग सुरू करणाऱ्या सर्किटचा भाग आहे. बल्ब काढला तर रोटरला पहिला करंट मिळत नाही. लोखंडात उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर, जोरात रेस दिल्यावर, अल्टरनेटर कदाचित स्वतःहून चार्जिंग उचलेल. पण त्यावर भरवसा ठेवून गाडी बांधू नये.

आता होल्डर. बाजारात मिळणारे बरेच गोल पॅनेल दिवे धातूच्या बॉडीचे असतात आणि बल्बचं एक टोक त्या बॉडीलाच जोडलेलं असतं. तो लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या डॅशमध्ये बसवला की डी+ ची वायर तिथेच अर्थ होते किंवा चावीची लाइन शॉर्ट होऊन फ्यूज उडतो. फायबरच्या डॅशमध्ये हा घोळ लगेच दिसत नाही. पुढे कोणी शेजारून अर्थची पट्टी फिरवली की दिसतो. म्हणून दोन्ही टोकं बॉडीपासून वेगळी असलेला, दोन वायरींचा होल्डरच घ्या. दुकानातच मल्टिमीटरने होल्डरची बॉडी आणि दोन्ही वायरी तपासा, कुठेही बीप येता कामा नये.

एमएच१३_फॅब्रिकेटर

काकांच्या उत्तराला जोडून. दादा, दोन पिनांचा कपलर म्हणताय म्हणजे आधी अल्टरनेटरची जात ओळखा. त्याशिवाय एकही वायर लावू नका.

एकच छोटा टर्मिनल, त्यावर डी+, ६१ किंवा एल लिहिलंय: काकांनी सांगितलेला प्रकार. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या लुकास एसीआर अल्टरनेटरवर याच पिनला आयएनडी म्हणतात, आणि तिथल्या वायरिंगमध्ये ही वायर तपकिरी-पिवळी असते, मुख्य जाड वायर तपकिरी.

दोन पिना, आयजी आणि एल: हा जपानी पद्धतीचा. आयजीला चावीचा थेट प्लस लागतो, त्यावर रेग्युलेटर जागा होतो. एलवर दिवा. इथे रोटरला करंट आतूनच बी+ कडून मिळतो, त्यामुळे बल्बच्या वॅटचं फारसं अडत नाही.

तीन पिना असतील तर तिसरी एस, म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज मोजायची वायर. ती बॅटरीच्या प्लसवर फ्यूजमधून कायमची जोडायची. मोकळी सोडली तर चार्जिंगचा व्होल्टेज चुकू शकतो.

आणि एक टर्मिनल डब्ल्यू असतो, तो डिझेल गाड्यांच्या आरपीएम मीटरचा. त्यावर दिवा लावू नका.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे एल पिनला चावीचा प्लस थेट देणं. एल पिनच्या आत छोटा ट्रान्झिस्टर असतो, तो दिव्याचा करंट अर्थला सोडतो. मधे बल्ब नसेल तर सगळी बॅटरी त्याच्यावर येते आणि रेग्युलेटर त्याच क्षणी जातो.

शेतबग्गी_सोलापूर

धन्यवाद काका, दादा. कपलरच्या पिनांवरची अक्षरं घासून गेली आहेत, काहीच वाचता येत नाही. वायरीही कापून आल्यात, दोन्ही काळ्या पडलेल्या. कसं ओळखायचं?

एमएच१३_फॅब्रिकेटर

दोन टेस्ट लॅम्प करा. प्रत्येकात १२ व्होल्ट ३ वॅटचा बल्ब आणि दोन्ही बाजूंना हातभर वायर. अल्टरनेटरची बॉडी बॅटरीच्या मायनसला, बी+ बॅटरीच्या प्लसला १० अँपिअरच्या फ्यूजमधून. मग बॅटरी प्लस ते पहिली पिन एका बल्बमधून, बॅटरी प्लस ते दुसरी पिन दुसऱ्या बल्बमधून. दोन्ही एकाच वेळी जोडलेले पाहिजेत.

आयजीची पिन अगदी कमी करंट ओढते, तिच्यावरचा बल्ब विझलेलाच राहील. ज्या पिनवरचा बल्ब पेटेल ती एल. बल्ब मधे असल्यामुळे अंदाज चुकला तरी काही जळत नाही. दोन्ही पेटले किंवा एकही पेटला नाही, तर रेग्युलेटर वेगळ्या जातीचा आहे किंवा आत बिघाड आहे. मग आर्मेचर वाइंडिंगवाल्याच्या टेस्ट बेंचवर लावून बघायचा.

पुणे_नाका

एलईडीबद्दल कोणी बोललंच नाही, म्हणून आकड्यांसकट लिहितो.

१२ व्होल्टवर ३ वॅटचा बल्ब २५० मिलिअँपिअर घेतो. २.२ वॅटचा सुमारे १८०. डॅशमधला बारीक १.२ वॅटचा बिनबुडाचा बल्ब फक्त १००. पॅनेलची एलईडी १० ते २०. डी+ प्रकाराला पहिल्या धक्क्यासाठी साधारण २०० मिलिअँपिअरच्या आसपास मिळाले की आयडलिंगलाच चार्जिंग पकडतं. एलईडी लावली की नेमकं हे होतं: चावी ऑनला दिवा मस्त दिसतो, इंजिन सुरू झाल्यावरही चालूच राहतो, आणि जोरात रेस दिली की एकदम विझतो. लोक अल्टरनेटर खोलून बसतात, दोष दिव्यात असतो.

एलईडीच हवी असेल तर तिच्या समांतर ४७ ओहमचा रेझिस्टर लावा. इंजिन बंद असताना डी+ वर एक-दोन व्होल्ट उरतात, म्हणजे रेझिस्टरवर ११ च्या आसपास. करंट २३० मिलिअँपिअर, उष्णता अडीच वॅटच्या वर. त्यामुळे ५ वॅट हा कमीत कमी आकडा. चावी ऑन ठेवून तासभर काम करत बसणार असाल तर १० वॅटचा पांढरा सिरॅमिक घ्या. तो चांगलाच तापतो, हात लावता येत नाही. हार्नेसच्या गुंडाळीत कोंबायचा नाही आणि फायबरला चिकटवायचा नाही. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर, मोकळ्या हवेत. चार्जिंग सुरू झालं की दोन्ही बाजू सारख्या होतात, मग त्यातून करंट जात नाही आणि तो थंड पडतो.

साध्या बल्बलाही असा समांतर रेझिस्टर लावला तर बल्ब गेला तरी चार्जिंग सुरू होतं. कंपनीच्या बऱ्याच गाड्यांत ही सोय असते. बल्ब २.२ वॅटचा असेल तर १०० ओहम ५ वॅट पुरतो.

एलईडीला दिशा असते. प्लसचं टोक चावीकडे.

जुना_वायरमन

पुणे नाका यांचं गणित बरोबर. माझं मत मात्र साध्या बल्बच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण आहे. बल्ब दोन्ही दिशांनी पेटतो, एलईडी एकाच दिशेने. अल्टरनेटरमधला एखादा डायोड लीक झाला तर चावी बंद असताना डी+ कडून उलटा करंट येतो आणि बल्ब रात्री मंद निखाऱ्यासारखा दिसतो. बॅटरी उतरायच्या आधी मिळणारी ही सूचना आहे. एलईडी अशा वेळी काहीच दाखवत नाही. तसंच बी+ च्या जाड वायरीचा जोड सैल झाला की अल्टरनेटरकडचा व्होल्टेज चावीच्या लाइनपेक्षा जास्त होतो, बल्ब चालत्या गाडीत अंधुक पेटतो. एलईडी गप्प. एवढी माहिती फुकट मिळत असताना ती का सोडायची?

शेतबग्गी_सोलापूर

पटलं काका. साधा ३ वॅटचा बल्ब, वेगळ्या टोकांचा होल्डर. आता वायरीची जाडी, फ्यूज आणि प्लस नेमका कुठून घ्यायचा ते सांगा की.

एमएच१३_फॅब्रिकेटर

प्लस चावीच्या आयजी टर्मिनलवरून, स्वतंत्र ५ अँपिअरच्या फ्यूजमधून. ॲक्सेसरी टर्मिनलवरून नको, सेल्फ मारताना तो बहुतेक स्विचमध्ये बंद होतो. रेडिएटर फॅन किंवा वायपर ज्या लाइनवर आहेत तिथूनही नको. फॅन सुरू झाला की त्या लाइनचा व्होल्टेज पडतो आणि दिवा उगाच मंद पेटतो, मग तुम्ही नसलेला दोष शोधत बसाल.

दिव्याची वायर १ चौरस मिमी. करंटसाठी ०.७५ ही पुरते, पण इंजिनाजवळच्या हादऱ्यात बारीक वायर थिंबलच्या (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्याच्या) तोंडाशी तुटते. बी+ ते बॅटरी: ४५ अँपिअरच्या अल्टरनेटरला १० चौरस मिमी, बॅटरीजवळ ६० अँपिअरचा फ्यूज. घरच्या वायरिंगची एकतारी कडक वायर अजिबात नको, बहुतारी ऑटो केबलच घ्या.

अर्थ हा फायबर गाडीतला खरा प्रश्न. बॉडीतून अर्थ मिळतच नाही, म्हणून डॅशच्या मीटरांसाठी २.५ चौरस मिमीची वेगळी काळी वायर बॅटरीच्या मायनसपर्यंत आणा. इंजिन रबर माउंटिंगवर आहे, त्यामुळे इंजिन ते चॅसी विणलेली तांब्याची पट्टी आणि चॅसी ते बॅटरी १६ किंवा २५ चौरस मिमी. पावडर कोटिंगवर बोल्ट आवळून अर्थ मिळत नाही. बोल्टभोवतीचं कोटिंग चकाकतं लोखंड दिसेपर्यंत घासा, काटेरी वॉशर घाला, आवळल्यावर वरून ग्रीस किंवा रंग लावा.

काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढायचा, शेवटी लावायचा. आणि वायरिंग झाल्यावर चॅसीला एखादा ब्रॅकेट वेल्ड करायचा राहिला असेल तर बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही सोडून मगच वेल्डिंग.

पुणे_नाका

यात एक भर. समांतर रेझिस्टर लावणार असाल तर डायोडही लावा. चावी बंद केल्यावर फिरतं अल्टरनेटर डी+ वरून उलटा करंट चावीच्या लाइनवर सोडतं. नुसत्या प्लॅटिनम पॉइंटच्या (जुन्या पद्धतीच्या इग्निशनच्या) कॉइलला तो पुरत नाही. पण लाइनवर इलेक्ट्रिक फ्यूएल पंपाचा रिले असेल तर त्याच्या कॉइलला दीडशे मिलिअँपिअर पुरतात. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा रिलेही तसाच धरून राहतो आणि चावी काढली तरी इंजिन चालूच राहतं.

उपाय: १एन४००७ डायोड, दिव्याच्या आणि डी+ च्या मधे, रुपेरी पट्टीची बाजू अल्टरनेटरकडे. १ अँपिअरचा आहे, इथे भरपूर झाला. मात्र डायोड लावला की काकांनी सांगितलेला उलटा मंद उजेड दिसणार नाही. म्हणून कार्ब्युरेटर, यांत्रिक पंप आणि साधा बल्ब एवढंच असेल तर डायोड लावू नका. आधी चावी बंद करून इंजिन थांबतं का ते बघा.

बार्शीची_जीप

विषय थोडा बाजूला नेतोय, माफ करा. आमच्याकडे जुन्या जीपला अल्टरनेटर नाही, डायनामो (जुन्या पद्धतीचं डीसी जनित्र) आणि कटआऊटचा, म्हणजे त्याच्या रेग्युलेटरचा, डबा आहे. डब्यावर ए, ए१, एफ, डी, ई अशी अक्षरं. दिवा कुठे जोडायचा? इथेही वॅट पाळावे लागतात का?

जुना_वायरमन

दिवा चावी आणि डी यांच्या मधे. डायनामो उभा असताना डी आर्मेचरमधून अर्थ होतो, दिवा पेटतो. फिरू लागला की डी वर प्लस येतो, दिवा विझतो. डायनामो स्वतःच्या उरलेल्या चुंबकत्वावर उचलतो, त्याला बल्बच्या करंटची गरज नाही. त्यामुळे २.२ वॅट लावा, चालतं. आयडलिंगला हा दिवा लुकलुकतो, ते डायनामोच्या गाडीत नेहमीचंच आहे.

डायनामो बरेच महिने पडून असेल किंवा बॅटरी उलटी लागली असेल तर त्याला पुन्हा चुंबकत्व द्यावं लागतं. डायनामोवरच्या दोन्ही वायरी काढा, बॅटरीच्या ज्या टोकाला अर्थ नाही त्याची वायर एफ टर्मिनलला क्षणभर दोन-तीनदा टेकवा. डबा जोडलेला असताना हे करू नका. आणि अल्टरनेटरवर हा प्रकार कधीही नको.

शेतबग्गी_सोलापूर

वायरिंग बांधून झालं. टेस्ट लॅम्पने एल आणि आयजी ओळखता आले. चावी ऑनला दिवा लागतो, सुरू झाल्यावर विझतो. मल्टिमीटरचे आकडे: बॅटरी इंजिन बंद असताना १२.५, आयडलिंगला १३.४, २००० आरपीएमला १३.७. दिवे आणि फॅन लावल्यावर १३.१ वर येतं. हे ठीक आहे का? बाहेर ऊन ४१ अंश आहे.

एमएच१३_फॅब्रिकेटर

रिकाम्या लोडचे आकडे ठीक आहेत. साधारण १३.८ ते १४.४ म्हणतात, पण रेग्युलेटर तापला की व्होल्टेज मुद्दाम थोडा खाली आणतो, नाहीतर गरम बॅटरीचं पाणी उडतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात बॉनेटखाली १३.७ दिसणं स्वाभाविक. १५ च्या वर गेला असता तर रेग्युलेटर बाद. तो दोष हा दिवा कधीच सांगत नाही, म्हणून व्होल्टमीटर आणि दिवा दोन्ही ठेवायचे.

लोडवर १३.१ मात्र मला कमी वाटतो. फॅन आणि हेडलाइट चालू ठेवून, २००० आरपीएमला दोन मापं घ्या. मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या बी+ बोल्टवर, दुसरं बॅटरीच्या प्लस खांबावर: ०.३ व्होल्टपेक्षा जास्त नको. मग अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा मायनस: ०.२ पेक्षा जास्त नको. टोकं थिंबलवर टेकवू नका, बोल्टवर आणि खांबावरच टेकवा, नाहीतर जोडाचा दोष मापात येत नाही.

शेतबग्गी_सोलापूर

प्लसकडे ०.१५. मायनसकडे ०.६.

एमएच१३_फॅब्रिकेटर

मग अर्थच. अल्टरनेटरच्या ब्रॅकेटवर किंवा इंजिन-चॅसी पट्टीखाली कोटिंग राहिलंय. एक एक टप्पा मोजत या: अल्टरनेटर बॉडी ते इंजिन ब्लॉक, ब्लॉक ते चॅसी, चॅसी ते बॅटरी. ज्या टप्प्यावर मोठा आकडा येईल तो जोड खोला.

पुणे_नाका

ते करताना बेल्टही बघा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिमी दबायला हवा. लोड पडल्यावर घसरणारा बेल्ट दिवा न पेटवताच व्होल्टेज पाडतो.

पुढे कधी गाडी ट्रॅकवर नेणार असाल तर बॅटरी कट-ऑफ स्विचही येईल. साधा दोन बोल्टांचा लावू नका. फिरत्या अल्टरनेटरवरून बॅटरी तोडली की व्होल्टेज उसळतो आणि डायोड जातात, वर इंजिनही अल्टरनेटरच्या जोरावर चालूच राहतं. दोन मोठे आणि चार छोटे टर्मिनल असलेला स्विच घ्या. छोट्या संपर्कांची एक जोडी इग्निशन तोडते, दुसरी अल्टरनेटरची उरलेली वीज ३ ओहम ११ वॅटच्या रेझिस्टरमधून अर्थला सोडते. रेझिस्टर बहुधा स्विचसोबतच येतो.

शेतबग्गी_सोलापूर

ब्लॉक ते चॅसी ०.५ दाखवत होतं. पट्टीखाली कोटिंग होतंच. घासून, काटेरी वॉशर घालून पुन्हा आवळली. आता मायनसकडे ०.०८ आणि लोडवर १३.५. बेल्ट ठीक आहे. एक राहिलं: दिवा यापुढे कधी वेगळा वागला तर काय बघायचं, ते एकदा लिहून ठेवाल का काका?

जुना_वायरमन

चावी ऑनला दिवाच नाही: एलची वायर कपलरमधून काढा आणि चावी ऑन ठेवून अर्थला टेकवा. पेटला तर डॅशपासूनची वायर चांगली, दोष अल्टरनेटरमध्ये. आयजीला १२ व्होल्ट येतात का तेही बघा, तुमच्या प्रकारात तो नसेल तरी दिवा लागत नाही. अर्थला टेकवूनही पेटला नाही तर फ्यूज, बल्ब, होल्डर याच क्रमाने.

दिवा विझतच नाही: एलची वायर काढा. विझला तर अल्टरनेटर चार्ज करत नाही, बेल्टपासून सुरुवात करा. वायर काढूनही चालू राहिला तर ती वायर वाटेत कुठेतरी घासून अर्थ झाली आहे, एक्झॉस्टजवळचा भाग आधी बघा. तिथे साधी पीव्हीसी वायर उघडी ठेवू नका, काचधाग्याची स्लीव्ह घाला.

चावी बंद असताना मंद उजेड: डायोड प्लेट. त्या रात्री बॅटरीचा मायनस काढून ठेवा.

चालताना अंधुक किंवा थरथरता: आधी वरची दोन मापं पुन्हा घ्या. ती बरोबर असतील तर मीटर एसी व्होल्टवर टाकून चालू इंजिनवर बॅटरीच्या टोकांवर मोजा. ०.५ च्या वर आलं तर डायोड गेला.

शेतात काळ्या मातीची धूळ ब्रशमध्ये जाते. ब्रश ५ मिमीपेक्षा कमी बाहेर दिसला की बदला. अल्टरनेटर खोललाच आहे तर दोन स्लिप रिंगांमधला (ब्रश ज्यांवर टेकतात त्या रोटरवरच्या रिंगांमधला) रोध मोजा, ३ ते ४ ओहमच्या आसपास हवा. रिंग ते शाफ्ट काहीच दाखवता कामा नये. रिंगा बारीक पॉलिश पेपरने फिरवून साफ करा, खरखरीत कागद लावू नका, नवा ब्रश महिन्यात खातो.